अकरा वेळा परत

सत्यवती जगताप बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत चौदा वर्षं होती. बाहेरच्या लोकांनी लिहिलेली सॉफ्टवेअरं एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर नीट चालवणं, हे तिचं काम. नवी आवृत्ती आली की काय बदललंय ते ओळ न् ओळ वाचायचं, बिघडेल ते दुरुस्त करायचं, तपासायचं आणि पॅकेज बांधून सगळ्यांसाठी ठेवायचं. कंपनीसाठी ती एकच पॅकेज सांभाळायची, कारखान्यातल्या यंत्रांचे आराखडे उघडणारं. आणखी चाळीस घरून, सकाळी स्वयंपाकाआधी, हौसेनं. प्रत्येक पॅकेजच्या माथ्यावर सांभाळणाऱ्याचं नाव असतं. मान काय तो तेवढाच.

उमाकांत तिचा वरिष्ठ. बेळगावचा, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. "अक्का, अक्का" करत तिच्या डब्यातलं हक्कानं खायचा. गेल्या वर्षी कंपनीनं माणसं कमी केली, तेव्हा यादी त्यानंच केली, आणि तीत तिचं नाव घातलं.

"माझं काय चुकलं, उमाकांत?" तिनं विचारलं.

"चुकलं काही नाही, अक्का. पण वरचे विचारतात, ही बाई करते काय? मी काय सांगू? आवृत्तीचा आकडा बदलायचा, एवढंच तर काम. ते कुणीही करील."

ती "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणून उठली. घरी येऊन तिनं कंपनीच्या पॅकेजवरचं आपलं नाव काढून टाकलं.

कंपनीची सगळी गिऱ्हाइकं त्याच पॅकेजवर होती, म्हणून उमाकांतनं तिथं स्वतःचं नाव दिलं. त्या मोफत सिस्टिमचा नियम असा, की नव्या माणसाचं काम आधी कुणा जुन्या जाणत्यानं तपासायचं. ते पॅकेज आतून माहीत असलेली जाणती एकच होती. तिनं आपण होऊन ते अंगावर घेतलं.

त्यानं पाठवलं ते खरोखरच नुसता आकडा बदलून. पाहून सत्यवतीचा जीव थंड झाला. "परवान्याच्या अटी बदलल्या आहेत, वाचलेल्या दिसत नाहीत," एवढं लिहून तिनं ते परत केलं. त्यात आणखी दहा चुका होत्या. त्या तिनं मुद्दामच सांगितल्या नाहीत. एका वेळी एक. दुसऱ्यांदा, जुन्या मशीनवर चालत नाही. तिसऱ्यांदा, चाचणी केलेली नाही. असं अकरा वेळा. प्रत्येक उत्तर सभ्य, खरं, आणि जगात कुणालाही वाचता येईल असं.

बाराव्यांदा काम बिनचूक आलं. उत्तर द्यायला चौदा दिवसांची मुदत असते. चौदाही दिवस घ्यायचे, असं तिनं ठरवलं.

दहाव्या दिवशी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून एका अनोळखी माणसाची मेल आली. नाव कल्लाप्पा, दोन यंत्रांची लहानशी शेड, खाली फोन नंबर. तिनं फोन लावला.

"मॅडम, बाकीची सिस्टिम पुढं गेली, हे पॅकेज मागंच राहिलं. आराखडा उघडत नाही. तीन दिवस मशीन बंद आहे. पोरं नुसती बसून आहेत. स्वल्प लवकर होईल का?"

"तयार आहे," ती म्हणाली. "मीच अडवून ठेवलंय. चूक माझी."

त्याच तासाला तिनं ते मंजूर केलं.

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. गिऱ्हाइकांनी ती उत्तरं वाचली होती, आणि कंपनीनं उमाकांतला त्या कामावरून काढलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"अक्का, मुद्दाम केलंत ना?"

"हो. पण एक तरी चूक खोटी काढली का, सांग."

त्यानं तो विषयच सोडला. मग म्हणाला, "माझं नाव शोधलं की आधी तेच वर येतं. दुसरीकडे मुलाखती आहेत. ती उत्तरं पुसा, पाया पडतो."

"ती पुसता येत नाहीत," ती म्हणाली. "येत असती तरी पुसली नसती." आणि तिनं फोन ठेवला.

उमाकांत हैदराबादला गेला. सत्यवती आता बोम्मसंद्रात पंपांच्या कारखान्यात संगणक सांभाळते. बहिणी जमल्या की हा किस्सा ती चवीनं सांगते, अकराही चुका बोटांवर मोजून. कल्लाप्पाच्या फोनचं मात्र सांगत नाही.