हाकांची वही

डॉ. सुमन मगरे गेल्याचा फोन आला, तेव्हा मी डॉ. सुमन मगरेच झालो होतो. औरंगपुऱ्यात मित्राच्या दुकानात दुपारचा चहा चालला होता, कुणीतरी फर्माईश केली आणि मी बाईंच्या नकलेचा तो ठरलेला प्रवेश सुरू केला. एक हात खांद्यापर्यंत गायीच्या पोटात, दुसऱ्या हातात माझाच माईक. ‘इचारा की नाटकवाले. मी ऐकतीय, गाय पण ऐकतीय.’ हशा नेहमीच्या जागी आला. तेवढ्यात फोन वाजला आणि भरात मी तो त्यांच्याच आवाजात उचलला... ‘व्हय, बोला.’ पलीकडे त्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर होता.  तो म्हणाला, ‘सर, असं नका करू. बाई गेल्या.’

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका लहानशा केबल चॅनेलवर निवेदक होतो आणि नकलांचे एकपात्री प्रयोगही करायचो, म्हणून बाई मला ‘नाटकवाले’ म्हणत. मालकांनी जनावरांवर साप्ताहिक कार्यक्रम काढला आणि शेंद्र्याच्या रस्त्यावर दवाखाना असलेल्या या पशुवैद्य बाईंना बोलावलं. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, ‘मी एकटी काय बडबडू? जनावरं सांभाळणारी माणसं बोलवा. पन ज्यांना टीव्हीवर कुनी बोलवत नाय, ती.’ मग दर आठवड्याला स्टुडिओत अशी एकेक स्वारी येऊ लागली. लष्करी छावणीतले घोड्यांना नाल ठोकणारे चाचा आले. डुकरं पाळणारं एक जोडपं आलं. मालकांनी त्या दोघांना सोफ्यावर बसवायला नाही म्हटलं, तेव्हा बाई शांतपणे खाली फरशीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘या, खाली ऐसपैस हाय.’ मीही मांडी घातली. तो भाग आमचा सर्वांत जास्त पाहिला गेला, आणि श्रेय अर्थातच मी घेतलं.

प्रत्येक पाहुण्याला बाईंचा पहिला प्रश्न एकच असे... तुम्ही जनावराला हाक कशी मारता? चाचा जीभ टाळूला लावून दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, ‘ला मेरे राजा, पाँव दे.’ गावागणिक हाक निराळी, घरागणिक निराळी. बाई त्या मागून टेप ऐकून एका जाड वहीत लिहून ठेवायच्या. पुढे नाव, गाव, जनावर, आणि टेप कुठे आहे ते. मी एकदा विचारलं, याचा उपयोग काय? ‘इतक्या तऱ्हेची मानसं हायत इथं,’ त्या म्हणाल्या, ‘आन टीव्हीत समद्यांच्या तोंडी तुमचाच आवाज. बरं दिसतं का ते?’

मला ते चांगलंच दिसत होतं. त्यामुळे मालकांनी जेव्हा तक्रार केली, की ही भाषा जाहिरातदारांना आवडत नाही, तेव्हा तोडगा मीच सुचवला. पाहुण्यांचे आवाज काढून टाकू, त्यावर मी बोलतो. पहिला मान शेंद्र्याच्या हौसाबाईंना मिळाला. आठ शेळ्यांची मालकीण. त्यांच्या चित्रीकरणाला मी उशिरा पोचलो होतो, आणि डबिंग करताना मूळ आवाजाचा व्यत्यय नको म्हणून तो बंद करून घेतला. मग बायकी आवाजात, स्वच्छ शुद्ध मराठीत, हौसाबाईंचा अख्खा भाग बोललो. त्यांची हाकसुद्धा. ‘या गं शेळ्यांनो, या.’ काचेपलीकडे तंत्रज्ञ पोट धरून हसत होते आणि मी खुशीत होतो.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई हौसाबाईंना घेऊनच आल्या. ‘काय ओ नाटकवाले, ह्यांची हाक कुठं गेली?’ मी म्हटलं, गंमत होती हो, मूळ टेप आहे की. हौसाबाई रागावल्या नव्हत्या. गोंधळल्या होत्या. ‘शेळ्या बी आनून बसवल्या होत्या टीव्हीम्होरं,’ त्या म्हणाल्या. ‘एकीनं बी मान वर केली नाय. मंग लेकीला म्हनलं, ही मी नसंल.’

बाईंनी कार्यक्रम सोडला. पुढे स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ करू लागल्या, हजारो लोक पाहू लागले आणि त्यात ज्याचा त्याचा आवाज होता. मी मात्र हौसाबाईंचा किस्सा करून टाकला. शेळ्यांसकट. लग्नांमध्ये, गणपतीत, तुमच्यापैकी काहींनी ऐकलाही असेल. आणि ती मूळ टेप? महिन्याभरातच कोऱ्या टेपा कमी पडल्या, तेव्हा तिच्यावर मी माझा एकपात्री प्रयोग रेकॉर्ड केला होता. हे बाईंना कधी सांगितलं नाही. भेटलो की त्या विचारायच्या, ‘सापडली का?’ मी छातीवर हात ठेवून झुकायचो... शोधतोय, सरकार. हौसाबाई वारल्या, तरी बाई विचारतच राहिल्या. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, ‘तिची लेक मागतीय ओ. आईचा आवाज दुसरीकडं कुठंच नाय. नसंल तर नाय म्हना, मी काय खात नाय तुमाला.’ मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.

बाईंची शोकसभा दवाखान्यातच झाली. लोक उठल्यावर हौसाबाईंची लेक, कमल, माझ्यासमोर आली. तिने काहीच आरोप केला नाही, टेपचं विचारलं. नाही, म्हणालो. मीच पुसली. ती म्हणाली, ‘तुमी तर समद्यांचे आवाज काढता म्हनं. आईचा काढा एकदा. हाक तेवढी.’ ती माझी टिंगल करत नव्हती. ती खरोखर मागत होती. मी तोंड उघडलं... आणि तेव्हा कळलं, की ज्या हौसाबाईंची मी इतकी वर्षं नक्कल केली, त्यांची हाक मी ऐकलेलीच नाही. माझ्याकडे होती ती फक्त माझी ‘या गं शेळ्यांनो, या.’

बाईंच्या टेबलामागे खिळ्याला ती वही अजून दोरीने टांगलेली आहे. कमलनेच पान काढून दिलं. हौसाबाई, शेंद्रा, शेळ्या आठ. हाकेची जागा कोरी. पुढे बाईंच्या अक्षरात ‘आवाज: नाटकवाल्यांकडं’. मी त्याखाली लिहिलं, ‘नाही. मी पुसला’, आणि सही केली. कमलला म्हटलं, तू कशी हाक मारतेस, तेवढी तरी लिहून घेतो. तिने माझ्याकडे पाहिलं, वही माझ्या हातातून घेतली आणि परत खिळ्याला लावली. ‘नगं,’ म्हणाली. ‘तुमी नगं.’