कोपरीची बंद खिडकी

ती घटना इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, त्यांतले निम्मे आज विसरलो. पण कोपरीच्या त्या घराची खिडकी आठवली की मला माझीच लाज वाटते, आणि लगोलग त्या घरच्या माणसांबद्दल मायाही दाटून येते. नावे मुद्दाम देत नाही. ती माणसे अजून तिथेच नांदत आहेत.

मी तेव्हा ठाण्याला फौजदार होतो. सकाळची हजेरी उरकून रोजनामा लिहायला बसलो, तोच हवालदाराने एका म्हाताऱ्याला पुढे उभे केले. मिठागरावरचा माणूस, पायांची कातडी मिठाने पांढरी पडलेली.

"सायब, माझे धाकटे सुनेला कोनतरी इख घालतंय," तो म्हणाला. "आनि कोन घालतंय ता मना ठावं हाय."

इख म्हणजे विष. ते ऐकून मी दौत बाजूला सारली.

हकिगत अशी होती. धाकटी सून बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. मुलगी झाली होती. याआधीची दोन्ही मुले महिन्याच्या आत गेलेली, त्यामुळे घरदार या लेकराकडे डोळे लावून बसलेले. पहिले पाच दिवस ठीक गेले. मग मात्र रोज दुपारी बाळंतिणीचे डोके ठणकू लागले, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि आदल्या दिवशी तर तिची शुद्धच हरपली. लेकरूही मलूल झाले होते.

म्हाताऱ्याचा संशय थोरल्या सुनेवर. तिच्या लग्नाला बारा वर्षे होऊन मूल नाही. तिची नजर लागेल म्हणून सासूने तिला बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू दिले नव्हते, पण घराचा सगळा स्वयंपाक तिच्याच हातचा. शिवाय शेजारणीने तिला तिन्हीसांजेला, मागच्या बाजूने, त्या खोलीच्या खिडकीला काहीतरी चोपडताना पाहिले होते. मत्सर, संधी आणि साक्षीदार, तिन्ही एका ताटात वाढून आलेले. फौजदाराला आणखी काय हवे!

मी लगेच कोपरीला गेलो. अळिवाची खीर आणि बाळंतकाढा बाटल्यांत भरला, पंचांसमोर लाखेची मोहोर लावली आणि मुंबईला रसायन तपासणीसाकडे पाठवायची व्यवस्था केली. बाळंतिणीची खोली मात्र उंबऱ्याबाहेरूनच पाहिली. सोयेराच्या, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ पाळलेल्या खोलीत पुरुषाने शिरायचे कसे? मिठात बरकत आल्यावर म्हाताऱ्याने कुडाच्या घराला ही एक पक्क्या विटांची खोली जोडली होती, वर फळ्यांचा माळा. आत बाज, बाजेखाली शेकाची कोळशाची शेगडी. ओवा, शेपा आणि वेखंडाच्या धुरीचा वास नाकात गच्च बसला. मी दोन पावले मागे सरलो आणि थोरलीला चावडीवर घेऊन यायला सांगितले.

ती तिशीची असेल. सासरा, शेजारीण, गावचा पाटील, सगळे भोवती बसलेले. त्यांच्यासमोर मी तिला दरडावले, "खिडकीला काय चोपडलेस?"

ती गप्प.

"खिरीत काय कालवलेस?"

तिने मान खाली घातली. मी कोठडीची धमकी दिली. सासऱ्याने सांगून टाकले, की आजपासून तिला घराचे दार बंद. तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळत होते, पण तोंडातून शब्द नाही. अट्टल गुन्हेगार विचारण्याआधीच बडबडू लागतो, हे मी शिपायांना शिकवीत असे. त्या दिवशी ते मलाच आठवले नाही.

मी कोठडीचे कागद मागवले तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

"सायब, पोरीनं आज दूध घेतलान का?"

माझा हात थांबला. स्वतःला कोठडी, सासर सुटण्याची वेळ, आणि ही विचारते लेकराचे दूध! मी सगळ्यांना बाहेर घालवले, तिला पाणी दिले आणि जरा माणसासारखा बोललो. "बाई, मी तुझ्या सासूला काही सांगणार नाही. खिडकीला काय लावलेस?"

"शेनमाती," ती हळूच म्हणाली. "फटी बुजवल्या. पयली दोन पोरा वारा लागून गेली, सायब. ही तरी जगाया पायजे. आत जायाची मना बंदी, मंग भायेरशी जमंल ता केला. आत्तेबायला सांगू नका. माझा हात लागला म्हनून रागं भरल."

"कधी बुजवल्यास?"

"पाचवी पुजली, त्या सांजंला. मंग माती सुकून भेगा परल्या, म्हनून परत लिपली."

पाचवीच्या सांजेला फटी बुजल्या आणि सहाव्या दिवसापासून बाळंतीण आजारी. आमच्या आळीतला सोनार भर पावसात अंगावर शिंतोडे घेईल, पण शेगडी पेटलेली असताना दुकानाचे दार लावीत नसे. बंद जागेत कोळशाने गरगरते, असे तो सांगे. मी ताडकन उठलो.

"शेक किती वाजता देतात?"

"आता. उन्हा डोक्यावर आली का."

आम्ही धावलो. ती अनवाणी, आमच्या सगळ्यांच्या पुढे. घरी सासू बाळंतिणीच्या दाराशी राखण करीत बसली होती. दार ओढलेले, खालच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. मी दार ढकलले. बाजेवर बाळंतीण डोळे अर्धवट मिटून पडलेली, कुशीत लेकरू. आणि थोरली, जी सगळ्यांच्या पुढे धावली होती, ती उंबऱ्याशी येऊन गपकन थांबली. बारा वर्षे शुभकार्यात मागे राहायची सवय. खरे सांगतो, मीही तिच्या शेजारी तसाच थांबलो होतो.

"आत जा!" मी ओरडलो. ते मी तिला म्हणालो की स्वतःला, देव जाणे. दोघेही आत गेलो. तिने लेकरू उचलून बाहेर नेले. मी दंडुक्याने खिडकी फोडली, सासू आणि हवालदाराने बाज धरून ओटीवर आणली. लेकरू थोरलीच्या हातात लोळागोळा पडले होते. ती त्याच्या तोंडावर फुंकर घालत होती, पाठ चोळत होती. बऱ्याच वेळाने ते रडले, आणि मग असे रडले की सगळी आळी गोळा झाली. त्या रडण्याने ओटीवरच्या वाऱ्यात बाळंतिणीनेही डोळे उघडले.

खात्रीसाठी मी त्या खोलीत खिडकीला घोंगडी लावून, दार बंद करून शेगडीपाशी बसलो. थोड्याच वेळात हवालदाराने मला बखोटीला धरून बाहेर काढले आणि विचारले, "साहेब, पंचनाम्यात आता तुमचंच नाव घालू काय?" पुढे सरकारी डॉक्टरांनी समजावले, की कोंडलेल्या जागेत कोळशाला पुरती हवा मिळाली नाही म्हणजे त्यातून एक विषारी वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. मी धुरीच्या वासाला नाके मुरडली होती आणि खरा अपराधी माझ्या नाकासमोर बसून होता. मुंबईहून उत्तर आले: खीर आणि काढा, दोन्ही निर्दोष.

त्यानंतर चोरून काही करणारे माणूस सापडले, की काय केलेस याच्या आधी मी कुणासाठी केलेस हे विचारू लागलो. पुष्कळदा उत्तर वाईटच निघाले. पण एखाद्या वेळी निघाले नाही, आणि तेवढ्यासाठी विचारीत राहिलो.

बारशाला मला बोलावणे होते. पाळण्याखालून लेकरू घ्यायला दोन बायका लागतात. एका बाजूला सासू उभी राहिली. दुसऱ्या बाजूला कोण, म्हणून सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. थोरली दाराबाहेरच उभी होती; सासूने पाळण्याची दोरी नीट केली. मग दाराकडे न बघताच म्हणाली, "ये गो. तुझीच हाय ती."

थोरली आत आली. लेकरू हातात घेताना ती इतकी अवघडली, की सासूने खालून स्वतःचा हात लावला.

जेवण आटोपून निघताना मी त्या खोलीत डोकावलो. शेगडी अंगणात काढलेली, खिडकी सताड उघडी. खाडीवरचा वारा भणाणत आत येत होता. पाळणा हलत होता, आणि थोरली खिडकी आणि पाळण्याच्या मध्ये, खिडकीकडे पाठ करून, सगळा वारा आपल्या पाठीवर घेत बसली होती.