नव्या बिऱ्हाडाचा रांजण

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, भर दुष्काळात, मी रांजणभर प्यायचं पाणी उकिरड्यावर ओतून दिलं. चुकून सांडलं नाही, धक्का लागून लवंडलं नाही. पदर खोचून, बादली-बादलीने उपसून, चांगला अर्धा तास खपून ओतलं. तळाची शेवटची बादली उरली, तिने दोन्ही खोल्या धुऊन काढल्या. जमीन शेणाने सारवलेली होती, त्यामुळे धुणं म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. नातवंडांना हे मी अजून सांगितलेलं नाही. ती नळ उघडा टाकतात तेव्हा मला ओरडता यायला हवं ना.

माझा जन्म नैरोबीचा. वडील तिकडे रेल्वेत. घरात मराठी, नोकरांशी स्वाहिली आणि आरशाशी इंग्रजी बोलत मी वाढले. बाविसाव्या वर्षी नगरच्या एका ओव्हरसियरशी लग्न लावून दिलं, आणि लगेच पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. त्यामुळे संसार मांडायचा राहिलाच होता. पाच महिन्यांची मुलगी घेऊन आगबोटीने परत आले, तेव्हा नवऱ्याची नेमणूक कर्जतच्या पलीकडच्या एका गावात, पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर झालेली. आपल्या लोकांत आले असं सगळे म्हणत. पासपोर्ट मात्र परक्या देशाचा होता, आणि त्या एका बाबतीत पासपोर्टाला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती.

ट्रंकेत मी काय काय आणलं होतं! विजेची इस्त्री, टेबलावरचा दिवा, अंडी फेटायचं यंत्र, जाळीचे पडदे. गावात वीज नव्हती. टेबल नव्हतं. अंडी होती, पण ती फेटून काय करायचं हे मलाही येत नव्हतं. पडदे लावले त्याच दिवशी शेजारच्या शेळीने त्यातला एक चाखून पाहिला.

संध्याकाळी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच नवरा सायकलवर टांग टाकून कामावर निघाला. जाताना म्हणाला, "रांजण भरलेला आहे. चार दिवस पुरवायचा." मी हो म्हटलं. नवऱ्याला हो म्हणावं आणि आपल्याला हवं ते करावं, ही विद्या मी माहेरून शिकून आले होते. मग रांजणात डोकावले. पाणी तांबूस, मातीचा वास, आणि एक बारीकसा किडा मजेत पोहत होता. आई म्हणायची, नव्या घरात पहिली चूल पेटवायच्या आधी जुनं पाणी काढून नवं भरावं. आईच्या घरी नळ होता, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पाणी संपलं की भरायचं असतं एवढंच मला ठाऊक. कुठून, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

रांजण घासूनपुसून लख्ख केला आणि मग बादली घेऊन अंगणात उभी राहिले, नळ शोधत.

नळ दिसला नाही. उकिरडा दिसला. त्याच्यावर गावातल्या सगळ्या चिमण्या, मधमाश्या, गांधीलमाश्या आणि दोन कुत्री जमली होती. ओल्या मातीला तोंडं लावून पीत होती. त्या थव्याकडे बघत घरमालकीण येऊन उभी राहिली. साठीची, काटक बाई. मी तिला मावशी म्हणायचं ठरवलं होतं, पण अजून म्हटलं नव्हतं.

"बाई, हितं पानी कशाचं?"

"जुनं होतं मावशी. ओतलं."

"वतलं?"

ती मटकन खाली बसली. शिव्या देईल असं वाटलं. तिने फक्त बोटांवर घरं मोजली. "नऊ घरांनी येक येक घागर टाकली हुती त्यात. नवं बिऱ्हाड येतंय, लेकुरवाळी हाय, म्हनून. परवा टँकर येऊन गेला. आडात वततो, त्यातलं आमी शेंदून घेतो. कालच आड कोरडा पडला. आता बेस्तरवारी येईल. आला तर."

त्या दिवशी सोमवार होता.

एरवी मी रडले असते आणि नवरा येईपर्यंत रुसून बसले असते. पण आत मुलगी होती. प्रवासात तिचं पोट बिघडलं होतं, जुलाब दोन दिवस थांबत नव्हते. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी उकळून, मीठ-साखर घालून चमच्याचमच्याने पाजत राहा, खंड पडू देऊ नका. अंगावर पाजणं मला गावंढळ वाटायचं, म्हणून डब्याच्या दुधावर वाढवली होती. आता माझ्या अंगावर थेंब नव्हता, आणि डब्यातली पावडर पाण्यावाचून कालवायची कशात? बाटलीत चार बोटं पाणी होतं. दहा वाजेपर्यंत तेही संपलं. मुलगी रडायला लागली तर डोळ्यांत पाणी येईना. मग तिने रडणंही सोडलं.

मावशीने तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं, टाळूवर तळवा ठेवला. "सकाळधरनं मुतली का?"

"नाही."

"माझ्या घरात टिपूस न्हाई. सून पहाटंपासनं झिऱ्यावर बसलीय. चल."

झिरा म्हणजे कोरड्या नदीच्या वाळूत खणलेला पुरुषभर खड्डा. त्याच्या बुडाशी पाणी पाझरतं, एक वाटी भरायला घटकाभर लागते. मुलीला पोटाशी धरून, पायात उंच टाचांच्या चपला, अशी मी त्या तापलेल्या वाळूतून निघाले. प्रत्येक पावलाला टाच रुतायची. शेवटी चपला वाळूत सोडून दिल्या आणि अनवाणी पळाले. तळव्यांना आलेले फोड पुढे पंधरा दिवस होते. चपला मात्र परत दिसल्या नाहीत.

झिऱ्याच्या काठावर सात-आठ बायका घागरींची रांग लावून बसल्या होत्या. बातमी माझ्या आधी पोचलेली.

"हीच का गं ती, उकिरड्याला आंघूळ घालनारी?"

"आफ्रिकेत नद्या लई मोठ्या असत्यात म्हनं. एखादी आनायची की ट्रंकंत घालून."

हसल्या सगळ्या. मी उभीच. मुलीला पुढे केलं. हसणं थांबलं. तरी कोणी जागची हलली नाही. रांगेतली एक बाई सरळ म्हणाली, "माझी घागर तू वतलीस. माझी बी दोन लेकरं हायती घरी. मी नंबर सोडनार न्हाई." आणि तिने खरंच सोडला नाही. आज सांगते, तिचं चुकलं नव्हतं. त्या क्षणी मात्र मी तिला मनातल्या मनात दोन भाषांत शिव्या दिल्या, तिसरीत आठवल्या नाहीत.

मावशीची सून खड्ड्यात होती. तिचाच नंबर चालू, घागर अर्धी. तिने सासूकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि घागर बाजूला सारून वर आली. "ह्यातलं देते, पन हे गढूळ हाय. पोरीला निवळ पायजे. खाली उतर, वाटीनं घे."

उतरले. घाईने वाटी खसकन बुडवली आणि सगळं पाणी ढवळून चिखल करून ठेवलं. वरून एकदम सात जणींचा सुस्कारा ऐकू आला.

"आता निवळंस्तवर बसा सगळ्याजनी," कोणी तरी म्हणालं. "बाईचा हात लई चपळ हाय."

मी त्या खड्ड्यात उकिडवी बसले. वर मावशीच्या मांडीवर मुलगी, तिचा आवाज नाही. खाली मी, वाटीएवढ्या पाण्याकडे बघत. कण खाली बसत होते, इतके सावकाश की मला ते एकेक दिसत होते. देवाला मी तेव्हा जे जे कबूल केलं त्यातलं निम्मं अजून फेडलेलं नाही. मनात एकच चाललं होतं, ही गेली तर तिला मी मारलं, दुष्काळाने नाही. वाटी कलती करून, कडेकडेने, श्वास धरून पाणी कसं उचलायचं ते सुनेने वरून सांगितलं. एक वाटी. थांबायचं. दुसरी वाटी. तांब्या गळ्यापर्यंत भरला तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं, आणि नंबर न सोडणारी बाई माझ्याकडे पाठ करून बसली होती.

घरी येऊन चूल मला पेटवता येईना, ती मावशीने पेटवली. पाणी उकळलं, फडक्यातून गाळलं, पदराने वारा घालून निववलं. मीठ, साखर, चमचा. पहिले चार चमचे ओकून टाकले. पाचवा राहिला. मग मोजायचं सोडून दिलं. मी पाजत होते आणि मावशी भिंतीला टेकून माझ्या चिखल झालेल्या जमिनीवर पाय पसरून बसली होती.

उन्हं उतरताना माझी मांडी एकदम गरम झाली. मी साडी चाचपली आणि मोठ्याने रडायला लागले. मावशी दचकून उठली, तिला भलतंच वाटलं. मी ओला हात तिच्यापुढे धरला. तिने तो नाकाशी नेऊन हुंगला, मुलीच्या पोटावरून एकदा हात फिरवला, आणि दाराकडे जाता जाता म्हणाली,

"मुतली न्हवं? झालं तर मग. आता ते धडुतं धुवायला पानी मागू नगंस."