मैना मागं फिरली

आधीच सांगते — भूत, करणी, उतारा, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी लॅबला आहे. मोजता येतं ते खरं, बाकी सगळी हवा... हे ऐकवून ऐकवून घरच्यांचं डोकं खाल्लंय मी. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आज जिवंत आहेत ते एका म्हशीमुळे, आणि हे मी कुणापुढंही ठासून सांगेन.

आम्ही उचगावचे. घरी दोन म्हशी. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी — आमच्याकडे दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरं. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस मागं. दोरी नाही की काठी नाही, म्हैस फक्त आपल्या गाडीचा आवाज ओळखून गर्दीतून पळते.

आमच्या दोन म्हशींतली मैना रेडकू असल्यापासून आबांच्या गाडीमागं पळायची. मग आबांचा गुडघा गेला आणि त्यांचं गाडी चालवणं सुटलं. मी म्हटलं, मी पळवते. आबा भडकले.

"म्हसरं पळवायचं काम बायकांचं न्हाय. गावात हसं करून घ्यायचं हाय व्हय?"

मी ऐकते कसली! चार महिने रोज कामावरून आल्यावर मैनाला घेऊन हायवेच्या सर्व्हिस रोडला जायचे. एकदाही तिनं माझी गाडी सोडली नाही. मी निघाले की आबा दारात येऊन उभे राहायचे.

पाडव्याला दुपारी चारला आम्ही निघालो. दुसऱ्या म्हशीचं रेडकू आठ दिवसांचं होतं, फटाक्यांना फार बिचकायचं. म्हणून आबा त्याला घेऊन पेंडीच्या खोलीत बसणार होते. आई आधीच चौकात जाऊन जागा धरून बसली होती. घरी आबा एकटेच. मला म्हणाले, "जा. पर मागं वळून बगू नगंस, म्हस बुजती." एवढंच.

चौकात तोबा गर्दी. हलगी कडाडत होती. आबांचे जुने जोडीदार तानाजीकाका मिशीत हसत म्हणाले, "पोरी, जमंल न्हवं?" मी गाडी रेझ केली. मैना झकास सुटली! शिट्ट्या, टाळ्या... माझ्या छातीत आनंद नुसता मावत नव्हता.

आणि अर्ध्या वाटेत मागची घुंगरं थांबली.

मी वळून बघितलं. मैना रस्त्याच्या मधोमध उभी, मान घराकडे. गाडी रेझ केली, ती हलली नाही. उतरून माळेला धरून ओढलं, तरी नाही. लोक हसायला लागले. मी — लाज वाटते सांगायला — तिच्या तोंडावर एक लगावली. तिनं मला खांद्यानं बाजूला सारलं आणि उलट्या दिशेनं पळत सुटली.

"पोरीला म्हस आवरंना रं!" कुणीतरी ओरडलं.

तानाजीकाका धावत आले. "तू हितंच थांब! गाडी चालू ठेव, आवाजाला माघारी येतीया बग."

बरोबरच होतं त्यांचं. मैना नेहमी आवाजाला यायची. मी थांबले, मिनिटभर तरी. ती आली नाही. चार महिन्यांत जिनं मला एकदा सोडलं नाही, ती अशी का गेली? सगळ्या गावासमोर मी गाडी वळवली. त्या दिवशी म्हैस पुढं आणि मोटरसायकल मागं!

घरी पोचले तर मैना पेंडीच्या खोलीच्या दाराला कपाळानं धडका देत होती. दार आतून बंद. आबांना हाका मारल्या... उत्तर नाही. पुढच्या धडकेला कडी निखळली.

आबा भिंतीला टेकून बसलेले, मान छातीवर, मांडीवर रेडकू. शेजारी घमेल्यात निखारे. रेडकाला ऊब म्हणून ठेवलेले. फटाक्याची ठिणगी पेंडीवर यायला नको म्हणून खिडकीला पोतं ठोकलेलं. धूर नाही, वास नाही. मला बघताक्षणी कळलं, कोंडलेल्या निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड. मी आबांना बाहेर ओढलं, शेजारच्या रहीमचाचांनी रिक्षा काढली, आणि आबा वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. रेडकूही वाचलं.

आता कारणं सांगणारे सतरा जण आले. म्हणे फटाक्याला बुजली. अहो, सात दिवाळ्या काढल्यात तिनं! म्हणे रेडकाची ओढ. रेडकू तिचं नव्हतंच, आणि त्याची सख्खी आई अंगणात निवांत वैरण खात होती. आमची आई म्हणते, देवच धावला. तेही मला पटत नाही, धावली ती मैना. निखाऱ्यांचा तो वायू मला चांगला माहीत आहे. आमच्या फाउंड्रीत त्यासाठी भिंतीवर अलार्म लावलाय. पण गॅस अलार्मपर्यंत पोचला तरच तो वाजतो. मैना दीड किलोमीटरवर होती, हलगीच्या कडकडाटात. तिला कसं कळलं? मला माहीत नाही. माझ्या लॅबमधल्या कुठल्याच मशीनवर ते मोजता येत नाही, आणि मी खोटं कारण चिकटवणार नाही.

गावात अजून म्हणतात, पोरीला म्हस आवरली न्हाय. म्हणू देत. यंदाही मीच पळवणार आहे.

गेल्या आठवड्यात सराव सुरू केला. आबा सवयीनं दारात येऊन उभे राहिले. मी गाडीला किक मारली तसे म्हणाले,

"मागं बगत जा गं. म्हस बुजली तर बुजू दे."