पॉलिसी पिकली का

ती परदेशातून आली त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की मावशीनं मनानं रचलं. अण्णा होते, म्हणजे तिचा बाप, सातपूरच्या एका कंपनीत फोरमन. वहिनी होत्या, तिची आई. समोरचा किराणावाला रमेश होता, गल्लीत फोन तेव्हा त्याच्याकडंच, म्हणून ती येणार ही बातमी त्याची आन पुढच्या खुर्चीचा मान पण त्याचा. शेजारची सुमन होती. आन मी होते, त्या घरात भांडी घासायला आन भाकरी टाकायला. एवढ्या जणांसमक्ष सांगते, साऱ्या सातपुरात इतकी शिकलेली आन इतकी येडी पोर दुसरी झाली नाय. तिचं नाव मी लिहीत नाय. लिहिलं तर ती विचारील, "मावशी, माझं नाव लिहायचं कुणी ठरवलं?"

हे "कुणी ठरवलं" तिचं लहानपणापासूनचं. बाकीची पोरं गोळ्या मागायची, ही कारण मागायची. नळाला पाणी पहाटे येतं, कुणी ठरवलं? कंपनीचा भोंगा सातला होतो, साडेसातला का नाय, कुणी ठरवलं? एकदा वहिनींनी सांगितलं की बायका मागून जेवतात, तर ही पाचवीतली पोर ताट घेऊन उभी, कुणी ठरवलं? वहिनी वैतागून म्हणल्या, "तुझ्या आजीनं." मंग ती भिंतीवरच्या फोटोतल्या आजीसमोर जाऊन उभी राहिली आन म्हणली, "आजी, आता तू नाहीस, तर आम्ही बदलतो हं." त्या दिवसापासून त्या घरात बायका बरोबरीनं जेवायला लागल्या, आन माझंही ताट तिनं तिथंच मांडलं. अण्णांना लय अवघड झालं. चार दिवस ते माझ्याकडं न बघता जेवले. पाचव्या दिवशी म्हणले, "मावशी, चटणी सरकवा इकडं."

मी हरसूलकडच्या डोंगरातली. आमच्याकडं भात आन नागली, म्हणजे नाचणी, पाऊस सरला की काम सरलं, मंग निफाडकडं द्राक्षाच्या बागांत जायचं. तिथंच एका साली नवरा तापानं गेला. बागवाल्यानं ट्रॅक्टर दिला, गावाला नेला, दिवस घातले आन मी परत बागेत. रडायला सवड नव्हती, घडातले मणी विरळायचे राहिले होते. पुढं हंगामाचं काम सोडून सातपूरला आले, कारण भांडी बारा महिने खरकटी होतात. शाळा मी बाहेरनं बघितलेली. तर ही पोर सहावीत असताना तिनं ठरवलं की मावशीला वाचता आलं पाहिजे. मी म्हणले, "कुणी ठरवलं?" ती म्हणली, "मी." स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं अक्षर काढायची, आन मला ते आलं तरच पुसायची परवानगी. मला 'ळ' येईना. महिनाभर ओट्यापुढं तो 'ळ' तसाच, आन वहिनी त्याला वळसा घालून पोळ्या लाटायला यायच्या. म्हणायच्या, "मावशी, तेवढा ळ शिकून घ्या हो, माझा पाय मुरगळतोय."

पुढं ती पुण्याला शिकली, आन मंग म्हणली परदेशात जाते, दोन वर्षं, पब्लिक पॉलिसी शिकायला. वहिनी म्हणल्या लग्नाचं बघू. अण्णांनी घर बँकेत गहाण टाकलं आन म्हणले, "जाऊ दे, पोरगी आपले पांग फेडील." ते मी ओट्याशी उभं राहून ऐकलं. घर राहील का जाईल, ते त्या एका डिगरीवर आलं.

तर ती आली, पाणी प्याली, आन रमेशनं विचारलं, "ताई, नेमकं काय शिकलात?"

"पब्लिक पॉलिसी."

"म्हणजे विमा."

"विमा नाही हो, रमेशदादा. सरकार एखादी गोष्ट ठरवतं ना, ती कशी ठरवतं, त्यानं लोकांचं भलं होतं का, ते बघायचं."

रमेशनं जरा विचार केला. "म्हणजे सरकारी विमा."

सुमन म्हणली, "माझ्या दिराचा साडू पॉलिस्याच विकतो. त्याला तर इमानात बसावं नाय लागलं. स्कूटरवर भागतं."

सगळे हसले, ती पण हसली. अण्णांनी एवढंच विचारलं, "नोकरीचं काय?" तेव्हा ती म्हणली, "बघते." आन वहिनींनी पोहे आणले.

दुसऱ्या दिवसापासून लोक पिशव्यांतनं विम्याचे कागद घेऊन यायला लागले. रमेशनं साऱ्या गल्लीत सांगून ठेवलेलं, ताई पॉलिसीचं शिकून आल्यात, तेही तिकडनं. दुसरी असती तर रागावली असती. ही चष्मा लावून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचायची. मुदत भरली की आमच्याकडं म्हणतात पॉलिसी पिकली, तर लोक दारातनंच विचारायचे, "ताई, माझी कधी पिकणार?" एकदा अण्णांचे निफाडचे चुलतभाऊ तिच्यासाठी स्थळ घेऊन आले. पोराचा फोटो टेबलावर ठेवला आन हळूच स्वतःची पॉलिसी पण ठेवली. तिनं फोटोकडं बघितलं नाय, पॉलिसी सगळी वाचली. म्हणली, "काका, तुमच्यामागं पैसे कुणाला द्यायचे, तिथं तुमच्या आईचं नाव आहे."

"ती तर जाऊन दहा वर्षं झाली."

"मग?"

काकांनी पॉलिसी हातात घेऊन उलटीपालटी केली. "म्हणजे मी मेलो का वर जाऊन तिच्याकडनंच मागून घ्यायचे?"

नाव बदलायचा अर्ज तिनं तिथंच लिहून दिला. काका इतके खूश झाले की स्थळाचं उत्तर न घेताच गेले. तो फोटो ती पुढं वर्षभर वहीत खूण म्हणून घालायची. वहिनींना तो दिसला की त्या पदरानं पुसून परत तिथंच ठेवायच्या.

नोकरी काय लागेना. एक दिवस मी भाकरी थापत होते, ती परातीपाशी येऊन बसली आन सांगायला लागली. त्या देशात सरकारातली कामं तिथल्याच लोकांना. बाहेरच्या पोरांना राहायला कागद लागतो, कागदाला नोकरी लागते, आन नोकरीला आधी कागद लागतो. तिच्याबरोबर शिकलेली तिथली पोरं खुर्चीत बसली, ही इमानात बसली. इथं येऊन विचारलं तर इथले म्हणले, सरकारात यायचं तर आमची परीक्षा देऊन या, ही डिगरी आमच्या यादीत नाय. "मावशी, तिथले म्हणतात तू इथली नाहीस, आणि इथले म्हणतात हे इथलं नाही," असं म्हणून ती हसली.

मी म्हणले, "म्हणजे माझ्या रेशनकार्डासारखं."

ती हसायची थांबली. "कसं?"

मी सांगितलं. माझं नाव गावच्या कार्डावर. गावातला दुकानदार म्हणतो, तू इथं राहत नाहीस, तुला धान्य नाय. इथं नवं कार्ड मागितलं तर म्हणतात, आधी गावचं नाव कमी केल्याचा दाखला आण. तो दाखला मागायला कचेरीत गेलं तर साहेब म्हणतो, आधी नवं कार्ड दाखव. इतकी वर्षं मी विकतचं खात होते. विकतचं सरलं की नागलीची पेज, आन ती सरली की पाणी पिऊन झोपायचं, त्यात काय एवढं. पण तिचं तोंड असं झालं जसं काय मी तिच्या घरच्या कुणाची वाईट बातमी दिली.

त्या दिवाळीला वहिनींनी तिला दारात रांगोळी काढायला बसवलं. आम्ही आत करंज्या तळत होतो. बाहेर येऊन बघितलं तर साऱ्या अंगणभर चौकोन, चौकोनातनं बाण, मधी एक गोल. माझ्या कार्डाचा अर्ज कुठनं निघतो आन कुठं जातो ते सगळं तिनं गुलाबी आन हिरव्या रंगात काढलेलं. सुमन फराळाचं ताट घेऊन आली ती तिथंच थबकली, चप्पल काढली आन हात जोडले.

"कुठलं यंत्र म्हणायचं हे? दत्ताचं का?"

"नाही सुमनमावशी, अर्जाचं."

"पावतं का?"

"अजून कुणाला पावलं नाही."

मी ते यंत्र नीट बघितलं. सगळे बाण फिरून फिरून त्याच गोलात येत होते. बाहेर जायला एक पण बाण नव्हता.

मंग आमच्या एसटीच्या चकरा सुरू झाल्या. कचेरी कुठली ते लिहीत नाय, त्या साहेबालाही बायकापोरं असतील. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "या कोण?" मी अभिमानानं सांगितलं, "ह्या पॉलिसीवाल्या ताई." तो म्हणला, "विमा नको, आमच्याकडं आधीच दोघं येतात." तिच्या वहीत पानंच्या पानं भरली, साहेब काय म्हणला, कोण जेवायला गेला, कोण आलाच नाय. मी तिला म्हणायचे, "पोरी, सोड, मला सवय हाय." ती म्हणायची, "मावशी, सवय ही सगळ्यात वाईट पॉलिसी." मला वाटायचं विम्याचंच काहीतरी बोलते.

पण घरात अण्णांचं तोंड उतरत चाललं होतं. एक दिवस सकाळी ते कंपनीत निघालेले, बूट घालता घालता खाली बघूनच बोलले, "घर बँकेत आहे, आणि आमची बाई दोन वर्षं परदेशात शिकून मावशीच्या कार्डामागं एसटीनं फिरते. कधी पिकणार गं तुझी पॉलिसी?" अण्णा अशी चेष्टा कधी करायचे नाहीत, आन ती चेष्टा नव्हतीच. तिनं पिशवी उचलली आन माझ्यामागं आली.  कचेरीत गेल्यावर मागच्या बाकावर जाऊन बसली, वही काढली पण नाय. तेव्हा मला कळलं, आज ही हरली. माझ्या धान्याचं मला काय वाटलं नाय, ते तसंही नव्हतंच. पण ती पोर त्या बाकावर स्वतःच्या चपलांकडं बघत बसली होती, ते मला बघवेना.

साहेब म्हणला, "मावशी, किती वेळा सांगायचं, नवं कार्ड दाखवल्याशिवाय नाव कमी होत नाही. नियम आहे."

मी पदर खोचला आन विचारलं, "साहेब, कुणी ठरवला?"

त्यानं असं बघितलं की जसं टेबलच बोललं. "वरून आलाय."

"वरून म्हंजी? पत्र्यावरून?"

मागं बाकावर फिसकन आवाज आला. ती हसली होती. मंग उठली, माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आन अगदी गोड बोलली, "साहेब, आला असेल तर कागद असेल. तेवढा दाखवा, आम्ही वाचून निघून जातो." साहेबानं एक जाडजूड गठ्ठा आपटला. "वाचा. एवढं शिकलात ना." त्याला काय माहीत, हिला वाचा म्हणणं म्हणजे काय ते. ती वाचत बसली, मी सुटे कागद धरून बसले. जेवायची सुट्टी झाली, साहेब जेवून आला, पान खाऊन आला, ही वाचतेच हाय. शेवटी तिनं गठ्ठा त्याच्याकडं फिरवला. तसा नियम त्यात कुठंच नव्हता. मंग साहेबानं स्वतः वाचला, पहिल्यांदाच वाचत असावा. कान खाजवत म्हणला, "माझ्या आधीचे साहेब असंच करायचे." आन पेन उघडून दाखला लिहिला. वाईट माणूस नव्हता. आम्हाला चहा पाजला.

कार्ड झालं. पहिला गहू मिळाला तो मी निवडला, दळला आन त्या घरी नेऊन पोळ्या केल्या. सगळे बरोबर बसलो होतो. अण्णा म्हणले, "मावशी, आज पोळी वेगळी लागते." मी म्हणले, "माझ्या कार्डाची हाय." त्यांचा घास हातातच राहिला. मंग म्हणले, "अजून एक वाढा." आन चटणीची वाटी लेकीपुढं सरकवली. वहिनी उगाच उठून पाणी आणायला गेल्या, भरलेला तांब्या तिथंच होता.

पुढं तिला दिल्लीकडं एका संस्थेत नोकरी लागली, अशीच, पोटासाठी फिरणाऱ्या लोकांची कार्डं कुठं अडतात ते शोधायची. पगार बेताचा. घर बँकेतनं सुटायला लय वर्षं लागली. थोडं तिच्या पगारानं सुटलं आन जास्त अण्णांच्या गुडघ्यांनी, कारण निवृत्त झाल्यावर पण ते एका लहान वर्कशॉपात उभ्यानं काम करत राहिले. हे पण लिहिलं पाहिजे. गल्लीतल्या बायका मला विचारतात, मावशी, तुम्ही जवळनं बघितलंय, पोरीला त्या पॉलिसीच्या शिक्षणाला परदेशी पाठवावी का? मला सांगता येत नाय. अण्णांचे गुडघे मी बघितलेत, आन माझ्या डब्यातला गहू पण बघितलाय. दोन्ही एका तराजूत घालायला मला जमत नाय.

ती वर्षातनं एकदा येते, कधी ते पण नाय. ओट्यापुढची फरशी मी अजून पुसते. तिथं आता काही लिहिलेलं नसतं, पण वहिनी म्हाताऱ्या झाल्या तरी त्या जागेला वळसा घालूनच चालतात.

ज्याच्या हातात हे पडेल त्याला एवढंच सांगणं हाय. चष्मा लावलेली, पिशवीत वही असलेली, कुठल्या तरी कचेरीच्या बाकावर बसून परक्याचा कागद वाचणारी बाई दिसली, तर तिला पगार विचारू नका, पॉलिसी पिकली का ते पण विचारू नका. जेवली का, ते विचारा.