उंचीच्या पावडरीचे चौतीस फोन

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे टिचकी म्हणतात, कारण ती जेमतेम माझ्या खांद्याला लागते. बोलायला मात्र पटाईत. अनोळखी माणसालाही दोन मिनिटांत आपलंसं करते. त्यामुळे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिला जाहिरात कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

पहिले आठ दिवस ती नुसती तरंगत होती. ज्यांच्यावर लिहिता येतं अशा काचेच्या भिंती, बसायला पोत्यासारख्या गाद्या, साहेबालाही अरे-तुरे. घरी आली की जेवताना तेच पुराण.

नवव्या दिवशी साहेबाने तिला आत बोलावलं. मुलांची उंची वाढवणाऱ्या एका पावडरीचं काम आलं होतं. साहेब वेफर्स खात होता आणि बोलता बोलता बोटं चाटत होता.

"बुटक्या मुलांच्या आयांना फोन करायचे. नेमकं काय खुपतं ते काढून घ्यायचं. तू विचारलंस तर बोलतील त्या."

"मीच का?"

"अगं, तुला अनुभव आहे ना!" तो तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत हसला. बाकीचेही हसले.

टिचकीही हसली. ते हसू आठवलं की आजही तोंड कडू होतं, म्हणते.

यादीत चौतीस नंबर होते. ते कुठून मिळवले हे कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. "काकू, मी पण बुटकीच आहे हं," असं म्हटलं की पलीकडचा आवाज सैल व्हायचा. बाया भडाभडा बोलायच्या आणि ही टाइप करत राहायची.

त्यात शिवणकाम करणाऱ्या एक काकू होत्या. त्यांनी मशीन थांबवलं आणि चाळीस मिनिटं बोलल्या. "दर रविवारी पोरगा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहतो. म्हणतो, आई, खूण कर. खूण काही हलत नाही गं. मग मीच पेन्सिल जराशी वर धरते. तेवढाच आठवडाभर खूश असतो." एवढं सांगून त्या रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबाने ते वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "सोनं आहे हे, सोनं!" चिकट बोटांनीच मार्कर उचलून त्याने काचेवर लिहिलं : पेन्सिल वर धरणारी आई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"फोनवर रडली का?" कुणीतरी विचारलं.

"हो."

"मस्त! मग तेही घेऊ."

टिचकीने विचारलं, "पण या पावडरीने उंची वाढते का?"

"मुलं वाढतातच गं," साहेब म्हणाला. "पावडर घेतली तरी आणि नाही घेतली तरी."

त्या दिवशी ती जेवली नाही. "ताई, मला माझ्याच आवाजाची शिसारी येते," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, सोडून दे. पण सर्टिफिकेट हवं होतं. ती जात राहिली. त्याचीही तिला किळस वाटायची.

सातव्या आठवड्यात जाहिरात टीव्हीवर आली. दोन दिवसांनी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. शिवणकामवाल्या काकूच होत्या, आवाजात आनंद मावत नव्हता.

"पोरी, ती टीव्हीवरची बाई बघितलीस? अगदी माझ्यासारखं करते गं! मला वाटायचं, पोटच्या पोराशी खोटं बोलणारी मी एकटीच. घेऊ का तो डबा?"

समोर काचेपलीकडे साहेब बसला होता.

"नका घेऊ, काकू. अशी बाई कुठे नाहीच. ते तुमचंच बोलणं आहे. मीच लिहून दिलं त्यांना."

मग काकूंनी विचारलं, "मी पण बुटकी, म्हणाली होतीस. तेही खोटंच का?"

"नाही. ते खरं आहे."

"मग तर जास्तच वाईट," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला.

टिचकीने यादी काढली आणि तिथेच बसून एकेकीला फोन लावायला लागली. "ती पावडर घेऊ नका. मी फसवून विचारलं होतं." सहाव्या फोनला साहेबाने येऊन वायर उपटली. "डोकं फिरलंय का तुझं?" दुपारी ती पिशवी आणि यादी घेऊन घरी आली.

"एकच आठवडा राहिला होता, कळ काढायचीस," बाबा म्हणाले. आईने त्यांना गप्प केलं आणि टिचकीला ताट वाढलं. राहिलेले फोन तिने माझ्या मोबाईलवरून केले. कुणी शिव्या घातल्या, कुणी मध्येच कट केला. दोघींनी डबा आधीच आणला होता. त्यातली एक म्हणाली, "राहू दे गं, त्याला चव आवडते."

शिवणकामवाल्या काकूंनी पुन्हा कधी फोन उचलला नाही. जाहिरात पुढे वर्षभर चालली. आमच्याकडे ती लागली की आई आवाज बंद करायची.

टिचकी आता एका दवाखान्यात येणाऱ्यांच्या तक्रारी लिहून घेते. लिहून झालं की प्रत्येकाला सगळं वाचून दाखवते आणि विचारते, "हेच म्हणालात ना? डॉक्टरांना दाखवू?" त्यामुळे बाहेर रांग वाढते, आणि डॉक्टरीणबाई रोज तिच्यावर करवादतात.