वामनकाकांची हाक

उन्हाळ्यात आमच्या गुजरीत, म्हणजे बाजारात, टरबुजाच्या साली आणि किस्से सारखेच साचतात. साली गाई खाऊन टाकतात. किस्से कोणी उचलत नाही. मला बोलून सांगणं जमत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

पांढुर्ण्याच्या गुजरीत मी कूलर दुरुस्त करतो. समोर वामनकाकांचा टरबुजाचा ठेला आहे. "लाल नाही तं वापस!" ही त्यांची हाक बस स्टँडपर्यंत जायची. लोक हाक ऐकूनच इकडे वळायचे. यंदा ऐन हंगामात त्यांच्या गळ्यातली गाठ नागपूरला काढली. डॉक्टरांनी बजावलं, मे संपेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल.

काकू स्वतः गुजरीत येऊन सगळ्यांना सांगून गेल्या, "यायले बोलू देऊ नका. अन् यायच्यासमोर राजकारण काढू नका."

*

पहिल्या दिवशी काकांनी घरून देवपूजेची घंटी आणली. ती वाजताच गल्लीतली पोरं धावत आली आणि टरबूज पाहून हिरमुसली. मागोमाग कुल्फीवाला रमेश आला. काकांसमोर हात जोडून तो म्हणाला, "काका, तुमच्या गळ्याचं मले लय वाईट वाटते. पण घंटी माही आहे."

काकांनी मुकाट्याने घंटी पिशवीत घातली. त्या दिवशीचं पहिलं टरबूज रमेशनेच नेलं.

*

मग न्हावी गजाननभाऊ म्हणाले, हाक मी देतो. त्यांचं दुकान ठेल्याच्या अगदी मागे. दाढी करता करता ते मध्येच मान वळवून ओरडायचे, "लाल नाही तं वापस!"

खुर्चीतल्या एका गिऱ्हाइकाने थोडा वेळ सहन केलं. मग ओठ न हलवता तो म्हणाला, "भाऊ, गालावर वस्तरा असताना लालचं नाव नको काढू."

*

तिगावची एक आजी दरवर्षी काकांशी तासभर भांडून एक टरबूज नेते. यंदाही आली. तिने भाव पाडला, काकांनी मान हलवली. तिने टरबुजाला नावं ठेवली, काकांनी पुन्हा मान हलवली. काकांचा माल मागच्या वर्षी कसा निघाला होता तेही तिने काढलं. काकांनी तिसऱ्यांदाही मान हलवली. शेवटी तिने टरबूज खाली ठेवलं. "हा माणूस भांडूनच नाही राहिला, तं घेऊ कशाले?" म्हणाली आणि निघून गेली.

काकांनी ते टरबूज उचलून परत ढिगावर ठेवलं. माल रोज उरत होता.

*

ते पाहून लीलाबाईंना राहवलं नाही. त्या रिटायर मास्तरीण. गुजरीतलं सगळ्यात चिवट गिऱ्हाईक. म्हणाल्या, तुमच्या बाजूने मी भांडते. स्टूल मागवून त्या ठेल्याजवळ बसल्या.

पहिलीच बाई आली. तिने भाव विचारला. लीलाबाईंनी सांगितला. बाई म्हणाली, लय होतात.

"होतातच ना!" लीलाबाई सवयीने उठल्या. "चला हो ताई, आपण समोर पाहू." आणि बाईला हाताला धरून त्या पुढच्या ठेल्यावर घेऊन गेल्या.

*

गजाननभाऊंच्या पुतणीचं लग्न सौंसरला होतं. मुहूर्त भर दुपारचा. अर्धी गुजरी सकाळच्या बसने गेली. हाक देणारे गेले, भांडणारेही गेले. काकांना जाता आलं नाही, कारण नदीच्या वाळूतला नवा माल त्याच सकाळी उतरला होता. मी राहिलो, कारण लग्नात अनोळखी लोकांशी बोलावं लागतं.

ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. काका टरबुजांवर ओलं पोतं टाकून बसले होते. तरी एक आपोआप तडकलं. थोड्या वेळाने दुसरं. संध्याकाळपर्यंत विकलं नाही, तर सगळा माल फेकावा लागणार होता.

तेवढ्यात वळणावर नागपूरची बस थांबली. माणसं उतरली आणि डोक्यावर दुपट्टे ओढून सरळ पुढे चालू लागली. काकांनी टरबुजावर थापा मारून पाहिल्या. बसच्या इंजिनाच्या आवाजात त्या कोणाला ऐकू जाणार? काका उठून उभे राहिले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

मी हातातला पाना टाकला आणि ओरडलो, "लाल नाही तं वापस!"

एवढ्या मोठ्याने मी घरीसुद्धा कधी कोणाला हाक मारली नव्हती. रस्त्यावरची माणसं वळली. एक बाई ठेल्याशी येऊन टरबूज वाजवून पाहू लागली. तिच्यामागे आणखी दोघं आले. काकांनी तोंड मिटलं आणि सुरी उचलली.

बसच्या दारातून कंडक्टरने विचारलं, "काय वामनराव, आला वाट्टे आवाज?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग कंडक्टरकडे पाहून हो म्हणून मान हलवली. बस निघाली. काकांनी टरबूज चिरलं, एक फाक बाईच्या हातात दिली, आणि सुरी धरलेल्या हातानेच मला खूण केली. अजून जोऱ्यात.